गड्डम सिस्टरांची तालीम

नोकरीच्या पहिल्या वर्षात मी किती वेळा मेले त्याची गणतीच नाही. आणि दर वेळी मला मारलं ते गड्डम सिस्टरांनी. "तू इथं झोप. तुझी श्वास बंद पडली," असं म्हणून त्या खुशाल पुढं जायच्या, आणि मी आपली नवीकोरी पांढरी साडी नेसून शाळेच्या पटांगणात आडवी. वर सोलापूरचं ऊन! एकदा सहन होईना म्हणून मी डोळे किलकिले केले, तर सिस्टर लांबून ओरडल्या, "मेलेली माणूस बघत नाही!"

मी चिडून म्हटलं, "मेलेलं माणूस, सिस्टर. मेलेलं!"

"मेलेला माणूस चुका पण काढत नाही. पडून राहा."

मी वेळापूरहून नुकतीच आलेली नर्सबाई होते, आणि जीभ माझी तेव्हाही आतासारखीच तिखट. पण या बाईपुढं कुणाचं काही चालायचं नाही. अंगानं बुटक्या, रंगानं सावळ्या, आणि सरकारी टोपीखाली रोज अबोलीचा गजरा. ड्युटीवर फुलं माळायची नाहीत असा नियम होता. मेट्रननं एकदा टोकलं तर म्हणाल्या, "टोपी सरकारची, डोकी माझी." यातलं व्याकरण सुधारायची मेट्रनची छाती झाली नाही आणि गजरा तिथंच राहिला.

सिस्टर सोलापूरच्या पूर्व भागातल्या. घरी तेलुगू, दारात मराठी, आणि भावाचे माग दिवसभर खडखडत असायचे. त्या आवाजात वाढलेलं माणूस हळू बोलूच शकत नाही. "कुणाला सांगू नको हं," असं म्हणून त्यांनी माझ्या कानात काही सांगितलं, की फाटकावरचा शिपाई मान डोलवायचा. घाई झाली की मात्र मराठी सुटायचं आणि "पदा, पदा!" सुरू व्हायचं. पदा म्हणजे चला. पुढं पुढं आमचं सगळं ऑफिसच 'पदा' म्हणायला लागलं. चहाला जायचं असलं तरी पदा.

त्यांचं काम काय, तर गावात साथ आली, मोटार उलटली, कुठं आग लागली, तर कुणी काय करायचं ते अगोदर शिकवून ठेवायचं. आम्हा नर्सबायांना तर शिकवायच्याच, पण शाळेचे गुरुजी, सरपंच, पोस्टमास्तर, एसटीचे कंडक्टर, सगळ्यांना एका सतरंजीवर बसवायच्या. लोकांना वाटायचं, दवाखान्याच्या कामात कंडक्टरचा काय संबंध? तेव्हा सिस्टर सोनाबाईची गोष्ट सांगायच्या. प्रत्येक शिबिराच्या सुरुवातीला, न चुकता.

त्या नव्या असताना करमाळ्याकडच्या एका गावात पटकीची साथ आली होती. पटकी म्हणजे कॉलरा. सिस्टर एकट्याच तिथं. सोनाबाई नावाची नवी नवरी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या सोलापूरहून सकाळीच निघालेल्या होत्या. करमाळ्याच्या स्टँडवर त्या उतरल्यासुद्धा. पण पेटी कुणाची, कुठं न्यायची, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पेटी बाकाखाली राहिली आणि दिवस मावळायच्या आत सोनाबाई गेली. एवढं सांगून सिस्टर म्हणायच्या, "औषध होतं. माणूस पण होता. दोघांची भेट झाली नाही." हे सांगताना त्यांचं मराठी कधीच चुकलं नाही.

मग कंडक्टर मंडळी सरळ होऊन बसायची.

निरोप नीट पोचवणं हा त्यांच्या शिकवणीतला पहिला धडा. कुठं, किती, काय, एवढं तीनच सांगायचं, रडगाणं नंतर. एकदा त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि पहिल्याच्या कानात निरोप सांगितला: वरच्या वस्तीवर वीस जणांना जुलाब. एकानं दुसऱ्याच्या कानात, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. शेवटी एक भिडस्त गुरुजी होते. ते उभे राहिले आणि खाकरून म्हणाले, "वरच्या वस्तीवर वीस जणांना गुलाब मिळाले."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ही गुरुजीची चूक नाही. मधल्या लोकांना जुलाब म्हणायला लाज वाटली, म्हणून तोंडातल्या तोंडात बोलले. आजपासून कुणी जुलाब म्हणायचं नाही. हगवण म्हणायचं. मोठ्यांदा."

पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, चारचौघांत बरं दिसत नाही. अतिसार म्हटलं तर?"

"अतिसार म्हणाल तर फोनवरचा माणूस विचारेल, भातावर वाढू का? हगवण म्हणा!"

आणि मग त्या शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या प्रतिष्ठित मंडळींनी एका सुरात हगवण, हगवण म्हटलं. रस्त्यानं जाणारी माणसं थबकून बघत होती. मी तर तोंडात पदर कोंबला होता.

पण खरी फजिती पुढं झाली. शिबिरात शिकवलेलं गावात करून बघायचं असं ठरलं. आमच्या हेडक्लार्कनं करमाळ्याच्या वाटेवरच्या एका गावाला कागद धाडला, की अमुक दिवशी आपल्या गावी रंगीत तालीम होईल, सर्व सोय करावी. आता आमच्या बाजूला तालीम म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं काय येतं? तांबडी माती आणि लंगोट! आम्ही जीपमधून उतरलो तर वेशीतच हलगी कडाडली. हौदातली माती उकरून, पाणी मारून तयार. आजूबाजूचे पैलवान अंगाला तेल चोपडून उभे. सरपंच फेटा बांधून पुढं आले आणि आमच्या जीपमध्ये डोकावून बघायला लागले.

"नमस्कार बाई. तुमचा पैलवान कुटं हाय?"

आमचे ड्रायव्हर करीमभाई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटले. मला तर वाटलं, आता सिस्टरांचा पारा चढणार. बाई शांतपणे खाली उतरल्या, पैलवानांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "छान. मला उचलणारी माणसं पाहिजेच होते."

झालं! हौदातच शिबिर भरलं. दोन काठ्या आणि एक सोलापुरी चादर, एवढ्यावर डोली कशी बांधायची, आजाऱ्याला न हिंदकळता कसं न्यायचं, हे त्या तेल लावलेल्या गड्यांना त्यांनी शिकवलं. हलगीवाल्यालाही सोडलं नाही. विहिरीचं पाणी खराब झालं की कोणता ताल वाजवायचा ते त्याच्याकडून बसवून घेतलं. गावच्या बायका कुस्त्या बघायला म्हणून माळवदावर चढलेल्या. त्यांनाही खाली बोलावून कुठं, किती, काय घोकून घेतलं. मेलेलं माणूस अर्थातच मी. पैलवानानं मला असं अलगद उचललं, की नोकरीतलं माझं ते सगळ्यात सुखाचं मरण.

ही गोष्ट जिल्ह्यात हसत हसत फिरली आणि आमच्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. स्वतः चांगला डॉक्टर. पण वर दुष्काळ पडलेला, माणसं कमी, पेट्रोल कमी, आणि त्यात ही बाई पैलवानांकडून डोल्या बांधून घेतेय. त्यांनी सिस्टरांना बोलावलं. "बाई, ही नाटकं मला परवडत नाहीत. टेंभुर्णीला एकदा माझ्यासमोर करून दाखवा. पटलं तर चालू ठेवू. नाहीतर तुम्ही वॉर्डात परत."

त्या आठवड्यात सिस्टरांच्या केसांत गजरा नव्हता. मी म्हटलं, "वॉर्डात काय वाईट आहे? सावली तरी मिळेल. मला पण रोज मरावं लागणार नाही."

माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वॉर्ड चांगला आहे गं. पण हे बंद झालं तर कुठंतरी सोनाबाई परत मरणार."

तोवर मला वाटायचं, बाईला हुकूम सोडायची हौस आहे. त्या दिवशी कळलं, की ती एक पोर अजून त्यांच्या मांडीवरून उठलेली नाही.

टेंभुर्णीचा दिवस उजाडला. भर उन्हाळा. शाळेच्या व्हरांड्यात आमचे लुटुपुटूचे आजारी ओळीनं झोपवलेले. ते गुलाबवाले गुरुजीसुद्धा होते. साहेब खुर्चीत, कपाळाला आठ्या. गावची मंडळी सभोवती. शिबिर सुरू होणार, इतक्यात रस्त्यावर पाण्याचा टँकर थांबला आणि त्यातून एक बाई उडी टाकून धावत आली. पदर खोचलेला, पाय धुळीनं पांढरे. साहेबांच्या खुर्चीसमोर उभी राहून तिनं खणखणीत आवाजात सांगितलं:

"पाझर तलावाच्या कामावर. इसाच्या वर मानसं. हगवन हाय, वकारी हाय. इहिरीचं पानी बंद केलंया."

तिचं बोलणं संपलं आणि सगळ्या लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. साहेबांनीसुद्धा! मला सांगायला लाज वाटत नाही, मीही वाजवल्या. म्हटलं, वा, सिस्टरांनी हिला काय छान तयार केलंय.

ती बाई भांबावून सगळ्यांच्या तोंडाकडं बघायला लागली. "टाळ्या काय वाजिवताय?" ती म्हणाली. "माजी जाऊ पडलीया तितं."

मी सिस्टरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. आमचे आजारी तर व्हरांड्यात होते. तलावावरचं कुणीही त्यांनी नेमलेलं नव्हतं. त्यांनी त्या बाईला फक्त विचारलं, "तुझं नाव काय?"

"पारू. आमच्या गावात कुस्त्या व्हत्या तवा तुमी शिकिवलं न्हवं का? कुटं, किती, काय."

"पदा," सिस्टर म्हणाल्या.

ज्याला त्याला आपापलं काम ठाऊक होतं, आणि जो तो तालीम समजून पळत सुटला. पोस्टमास्तरनं सोलापूरला फोन लावला. ब्लीचिंग पावडरचा डबा जीपमध्ये पडला. सोलापूरहून सुटणाऱ्या एसटीत सलाइनची पेटी चढवा आणि कंडक्टरला ती तलावाच्या फाट्यावर उतरवायला सांगा, असा निरोपही गेला. साहेब हौसेनं जीपमध्ये चढले आणि करीमभाईंना म्हणाले, "फारच उत्तम. अगदी खरं वाटतं."

करीमभाईंनी आरशातून सिस्टरांकडं बघितलं आणि गाडी अशी हाणली, की साहेबांची हॅट मागं रस्त्यावर राहिली.

तलावाचं काम दुष्काळातल्या माणसांचं. खडी फोडायची, माती वाहायची, दुपारी सरकारनं वाटलेली सुकडी खायची आणि तिथंच पालं ठोकून राहायचं. आम्ही पोचलो तेव्हा पालांच्या सावलीत माणसं निपचित पडलेली होती, आणि वास असा, की कुणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. साहेब जीपमधून उतरून जागच्या जागी उभे राहिले.

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, ही तालीम नाही. बाह्या वर करा."

आणि साहेबांनी केल्या, हे सांगितलंच पाहिजे. त्यांचा हात फार हलका होता. सुकलेल्या माणसाची शीर सापडत नाही, पण ते गुडघे मातीत टेकून एकेकाची शोधत गेले. पारूच्या गावचे दोन पैलवान कामावर होतेच. त्यांनी चादरीच्या डोल्या करून लांबच्या पालांतली माणसं आणली. ज्यांना तोंडानं पिता येत होतं त्यांना बायका मीठ-साखरेचं उकळून गार केलेलं पाणी पाजत बसल्या. जीपमधल्या बाटल्या संपत आल्या. सिस्टर पारूच्या जावेजवळ बसल्या होत्या. तरणीताठी पोर, तिचं डोकं यांच्या मांडीवर. सिस्टरांची नजर रस्त्यावर. त्या पहिल्यांदाच मला म्हाताऱ्या वाटल्या. मी मनात सगळ्या देवांना हाका मारत होते आणि ड्युटीवर रडायचं नाही म्हणून स्वतःला चिमटे काढत होते.

आणि धूळ उडवत एसटी आली. तलावाच्या फाट्यावर तिचा थांबासुद्धा नव्हता. कंडक्टर पेटी डोक्यावर घेऊन शेताडीतून पळत सुटला, मागून चार उतारू, प्रत्येकाच्या हातात बाटल्या. "पाझर तलावाच्या कामावर, गड्डम सिस्टर!" असं तो लांबूनच ओरडत होता. सिस्टरांनी बाटली हातात घेतली, एकवार छातीशी धरली आणि साहेबांकडं दिली.

त्या कामावरचं एकही माणूस गेलं नाही. पारूची जाऊ संध्याकाळी डोळे उघडून म्हणाली, "माजी टोपली कुनी नेली?" तेव्हा सिस्टर जे हसल्या, ते पलीकडच्या गावात ऐकू गेलं असेल.

आम्ही टेंभुर्णीला परतलो तर व्हरांड्यात आमचे लुटुपुटूचे आजारी तसेच पडलेले! उचलायला कुणी येईना आणि तालमीचा नियम असा, की आजाऱ्यानं उठायचं नाही. गुलाबवाले गुरुजी तर गाढ झोपले होते. त्यांना उठवून सगळं सांगितलं, तर आपल्याला उगाच झोपवलं म्हणून ते फुरंगटले.

दुसऱ्या दिवशी सोलापूरहून फोन आला. आमच्या स्टोअरचे बिराजदार अण्णा. अक्कलकोटकडचा काटेकोर माणूस, आणि तालमीला नेलेली प्रत्येक बाटली सीलबंद परत मागायची त्यांची सवय. म्हणाले, "सिस्टर, तालीम झाली असेल की नाही आता? आमचे बाटल्या धाडून द्या की परत."

सिस्टर म्हणाल्या, "अण्णा, तुमचे बाटल्या माणसांच्या अंगात गेले."

दुपारी अण्णा स्वतः एसटीतून उतरले. उरलेल्या सगळ्या बाटल्या घेऊन. आणि तलावावर जाऊन प्रत्येक आजाऱ्याच्या पालात डोकावून आले. पुन्हा त्यांनी बाटली परत मागितली नाही.

यानंतर साहेब नाटक हा शब्द विसरले. शेजारच्या जिल्ह्यांतून माणसं आमच्याकडं शिकायला यायला लागली. सिस्टरांचा गजरा परत आला, आवाज होता तसाच राहिला, आणि त्यांच्या मराठीचं माझ्या हातून काही भलं झालं नाही.

सिस्टर रिटायर झाल्या तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. मोठे साहेब बदलून गेले होते, नवे आले होते. हॉलमध्ये निरोप समारंभ. टेबलावर चादर, शाल, श्रीफळ. सिस्टर नवी इरकल नेसून, गळ्यात हार घेऊन, अवघडून, खुर्चीच्या कडेवर बसलेल्या. पुढच्या रांगांत आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली मेलेले आणि जगलेले. बश्यांतून चिवडा आणि पेढे फिरत होते. नव्या साहेबांचं भाषण रंगात आलेलं: गड्डम सिस्टरांशिवाय या ऑफिसचं कसं होणार, त्या गेल्यावर आम्ही पोरके होणार, वगैरे वगैरे.

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. घेणारी पोरगी सिस्टरांनी शेवटच्या तुकडीत शिकवलेली. ती दारात आली आणि भाषण चालू असतानाच स्वच्छ आवाजात म्हणाली, "मोहोळच्या अलीकडं. तीसेक माणसं. वऱ्हाडाचा ट्रक उलटलाय."

एवढंच. हातातल्या बश्या खाली गेल्या आणि खुर्च्या सरकल्या. बिराजदार अण्णा किल्ल्या काढत स्टोअरकडं निघाले. करीमभाईंनी तोंडातला पेढा गिळायच्या आत गाडी सुरू केली. कुणी कुणाला हुकूम सोडला नाही, कुणी वळून सिस्टरांना विचारलं नाही. मीसुद्धा नाही. भाषण करणारे साहेब रिकाम्या खुर्च्यांपुढं थोडा वेळ उभे राहिले आणि मग तेही बाह्या सारत आमच्या मागं आले. त्या वऱ्हाडातली सगळी माणसं नीट घरी गेली, आणि नवरदेवाचं लग्न हाताला प्लास्टर घालून त्याच महिन्यात लागलं.

पण मला आठवतं ते गाडी फाटकातून वळतानाचं. मी मागं बसले होते. गळ्यात हार तसाच घेऊन सिस्टर धावत व्हरांड्यात आल्या. पहिल्या पायरीवर त्यांनी एक पाय टाकला. तोंड उघडलं होतं, आता 'पदा' म्हणणार हे मला ठाऊक होतं. पण म्हणाल्या नाहीत. पाय परत वर घेतला. पुढचं फाटकावरच्या शिपायानं नंतर सांगितलं: हॉलमध्ये गेल्या, पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीत ऐसपैस टेकून बसल्या आणि कुणाची तरी अर्धी राहिलेली चिवड्याची बशी उचलून निवांत खायला लागल्या.